पोट टम्म, डाग काळा, तरी पिल्लांचा पत्ता नाही: गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेलच्या गाभण माद्यांची नेहमीची अडचण

अंडी न घालता थेट पिल्लं देणाऱ्या टाकीतल्या या माशांबद्दल तक्रार साधारण अशी येते. मादीचं पोट फुगलं, शेपटीकडचा डाग गडद झाला, म्हणून तिला ब्रीडिंग बॉक्समध्ये, म्हणजे विणीसाठी टाकीत लावायच्या छोट्या पेटीत, टाकलं. आठवडा झाला, पंधरा दिवस झाले, पिल्लू एक नाही. शेवटी कंटाळून तिला परत टाकीत सोडलं, आणि दोन-तीन दिवसांत पोट सपाट. टाकीत शोधलं तर एकही पिल्लू नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

बहुतेक वेळा मादीत काहीच बिघाड नसतो, घोळ मोजणीत असतो. डाग दिसला की वेळ जवळ आली असं समजलं जातं, तर तो डाग महिनाभर दिसतच असतो. आणि बॉक्समधून सुटल्यावर तिने पिल्लं दिलेली असतात, पण रात्रीच बाकीच्या माशांनी, कधी तिने स्वतःच, ती फस्त केलेली असतात.

आधी गाभण आहे का ते बघा

नर ओळखायचा तो पोटाखालच्या, शेपटीजवळच्या पराने. नरात तो पर काडीसारखा निमुळता असतो, मादीत पंख्यासारखा पसरट. टाकीत आज नर नाही म्हणून मादी गाभण असूच शकत नाही, असं धरू नका. एकदा मीलन झालं की या माद्या नराचं बीज पोटात साठवून ठेवतात आणि गप्पीची मादी त्यावर सहा-आठ महिने पिल्लं देत राहू शकते. दुकानात नर-मादी एकाच टाकीत असतात, त्यामुळे तिथून आणलेली वयात आलेली मादी गाभण आहे असंच गृहीत धरावं.

उलट फसगतही होते. नर कधीच न भेटलेल्या मादीलाही अंड्यांमुळे थोडं पोट आणि डाग असतो. तीन-चार आठवड्यांत पोट वाढतच गेलं तर गाभण. तेवढंच राहिलं, किंवा सकाळी बारीक आणि खाल्ल्यावर मोठं, असं होत असेल तर तो जेवणाचा घेर आहे. एक दिवस उपास द्या, दुसऱ्या दिवशी साल काढून उकडलेला मटार कुस्करून द्या. बद्धकोष्ठ असेल तर दोन दिवसांत पोट उतरतं.

दोन गोष्टी मात्र गाभणपण समजून सोडून देऊ नयेत. मादीला वरून बघा. खवले देवदाराच्या फळासारखे बाहेर उभे राहिले असतील तर ती जलोदराची, म्हणजे ड्रॉप्सीची खूण. गाभण मादीचे खवले अंगासरशीच राहतात. दुसरी, गुदद्वारातून बारीक लाल धागे बाहेर लोंबताना दिसले, मादी स्थिर थांबली की दिसतात आणि हलली की आत जातात, तर ते कॅमॅलॅनस कृमी आहेत. पुष्कळ जण त्याला ‘पिल्लू अडकलंय’ म्हणतात. तिथे जंताचं औषध लागतं, आणि ते सगळ्या टाकीला लागतं.

दिवस मोजायचे कुठून

मीलनाचा दिवस पकडता येत नाही, तेव्हा त्या नादी लागू नका. शेवटची वीण ज्या दिवशी झाली, तिथून मोजा. कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. दोन विणी मोजल्या की तुमच्या टाकीतली, तुमच्या पाण्यातली, त्या मादीची पाळी कळते, आणि ती कुठल्याही छापील आकड्यापेक्षा भरवशाची असते.

पाणी २५ ते २७ अंश असेल तर गप्पीला साधारण २६ ते ३० दिवस लागतात, प्लॅटीला २४ ते ३५, स्वोर्डटेलला २८ ते ३५. मॉली सगळ्यांत वेळ घेते: ३५ ते ४५ सर्रास, कधी ६० पर्यंत. गप्पीचा हिशेब मॉलीला लावून लोक चौथ्या आठवड्यात तिला बॉक्समध्ये कोंडतात, आणि मग ती तिथे पंधरा दिवस झुरते.

तापमानाने हा हिशेब बराच हलतो. पुण्या-नाशिकच्या थंडीत हिटर नसलेल्या टाकीचं पाणी २० अंशांच्या आसपास उतरू शकतं, आणि मग गप्पीलाही पाच आठवडे लागतात. नवीन काही बिघडलेलं नसतं, पिल्लं पोटात सावकाश वाढत असतात. हिटर निवडताना लिटरला एक वॅट हा हिशेब चालतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर मावतं, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ ते ५० उरतं, म्हणजे ५० वॅटचा हिटर पुरतो. उन्हाळ्यात विदर्भात उलटी गत: पाणी ३२ च्या वर गेलं की वीण लवकर होते खरी, पण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि गाभण मादीला तो जास्त लागतो. बर्फ टाकू नका. झाकण काढून जाळी लावा, पृष्ठभागावर पंख्याचा वारा येऊ द्या, एअर पंप चालू ठेवा. स्वोर्डटेल असतील तर जाळी घट्ट बसवा, त्या टाकीबाहेर उडी मारण्यात पटाईत असतात.

जवळ आल्याच्या खुणा

डागाबद्दल एकदाच नीट सांगायचं तर, तो गुदद्वाराच्या पुढे पोटात दिसणारा गडद भाग आहे. तिथलं पोटाचं आवरण ताणून पातळ होतं आणि आतलं दिसू लागतं. फिक्या गप्पीत तो करडा-काळा, सोनेरी आणि अल्बिनो जातीत नारिंगी किंवा लालसर. काळ्या मॉलीत तो दिसणारच नाही, शोधत बसू नका. डाग किती काळा यावरून वेळ ठरत नाही. फिक्या रंगाच्या मादीत शेवटच्या दिवसांत डागाच्या आत बारीक काळे ठिपके दिसले तर ते पिल्लांचे डोळे, आणि ती खूण मात्र पक्की.

पोटाचा आकार डागापेक्षा खरं बोलतो. बाजूने बघा. दोन-तीन आठवडे पोट गोल वाढतं, शेवटच्या आठवड्यात ते पुढे छातीकडे चढतं आणि खाली टेकतं. खालची रेषा गोल न राहता चौकोनी होते, गुदद्वाराशी पोट एकदम काटकोनात वर वळतं. पेटीसारखं दिसू लागलं की तीन ते पाच दिवस धरा. मॉलीत हे इतकं ठळक होत नाही, तिला समोरून बघा: दोन्ही बाजूंना पोट कल्ल्यांपेक्षा रुंद झालेलं दिसतं.

शेवटच्या दिवसभरात वागणं बदलतं. कळपात फिरणारी मादी एका कोपऱ्यात, हिटरमागे किंवा झाडांत जाऊन थांबते. पुढे-मागे न जाता जागीच तरंगते. अन्न टाकलं की धावणारी मादी तोंडात घेते आणि थुंकते, किंवा वळूनही बघत नाही. कल्ले जलद हलतात. नर जवळ आला की पिटाळते. गुदद्वार जरा फुगून बाहेर आलेलं दिसतं. मग अंगातून मधूनमधून एक कंप जातो, शेपटी किंचित वर वाकते. हा कंप दिसला की काही तासांत पिल्लं.

यातली एकच खूण धरून निष्कर्ष काढू नका. कोपऱ्यात बसणं, न खाणं आणि जलद श्वास ही अमोनियाची आणि नायट्राइटचीही, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठणाऱ्या विषांचीही, लक्षणं आहेत. फरक असा की पाणी बिघडलं असेल तर टाकीतले बाकीचे मासेही पृष्ठभागाशी तोंड उघडून उभे असतात. मॉलीच्या थरथरीचंही तसंच. वीण जवळ आलेल्या मादीला थांबून थांबून कंप येतो. मॉली जागच्या जागी सतत डुलत असेल, दिवसचे दिवस, तर ते पाणी थंड किंवा कमी क्षारांचं असल्याचं लक्षण आहे, आणि नरही तसाच डुलताना दिसेल.

ब्रीडिंग बॉक्स: मदत कमी, ताप जास्त

बाजारातला पारदर्शक प्लास्टिकचा बॉक्स जेमतेम दीड-दोन लिटरचा असतो. फटींतून पाणी फारसं खेळत नाही, चारही बाजूंनी मासे आणि माणसं दिसतात, लपायला काही नाही. आता लपण्याची जागा मिळेल तेव्हा वीण सुरू करायची, हा या मादीचा स्वभाव. जागा मिळत नाही म्हणून ती रोखून धरते. पंधरा दिवस कोंडूनही काही होत नाही आणि टाकीत सोडताच दोन दिवसांत पोट सपाट होतं, त्याचं कारण हेच.

दुसरा धोका याहून वाईट. शेवटच्या दोन-तीन दिवसांत जाळीने पकडून, बाहेर काढून, दुसऱ्या पाण्यात टाकलं की मादी गाभडते. बॉक्सच्या तळाला पिवळसर-नारिंगी मणी, किंवा पोटाला बलकाची पिशवी चिकटलेली, नीट पोहता न येणारी पिल्लं दिसली तर ती वेळेआधी पडलेली आहेत. पिशवी लहान असेल तर स्थिर, स्वच्छ पाण्यात काही जगतात, मोठी असेल तर नाही.

मग करायचं काय? मादीला हलवायचंच असेल तर पोट चौकोनी होण्याच्या आठवडाभर आधी हलवा, आणि बॉक्समध्ये नाही, वेगळ्या १५ ते २० लिटरच्या टाकीत. तिथलं पाणी निम्म्याहून जास्त जुन्या टाकीतलंच घ्या, तापमानात एका अंशाहून जास्त फरक नको. स्पंज फिल्टर जुन्या टाकीत तीन-चार आठवडे आधीपासून चालवून मग इकडे आणा, म्हणजे त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू बसलेले असतात. नवाकोरा फिल्टर नुसते बुडबुडे काढतो. मादीला जाळीऐवजी पाण्यासकट मगमध्ये घ्या.

आठवडाभर आधीची वेळ चुकली असेल तर हलवूच नका. त्याऐवजी टाकीत झाडं वाढवा. जागेच्या एक तृतीयांश भागात गप्पी ग्रास, हॉर्नवर्ट, जावा मॉस असं दाट गचपण, आणि वर तरंगतं काही तरी, कारण नवी पिल्लं बहुतेक पृष्ठभागाजवळच्या आडोशाला जातात. अशा टाकीत सगळी नाही, पण दर विणीला दहा-पंधरा पिल्लं सहज वाचतात, आणि घरच्या टाकीला तेवढी पुष्कळ झाली. जलपर्णीची मुळंही उत्तम आडोसा देतात, पण नदी-तळ्यातून आणलीत तर आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा, रोज झटकून पाणी बदला. तिच्यातून चतुराची अळी आली तर ती एका रात्रीत पिल्लांचा फडशा पाडते. झाडं टिकतच नसतील तर अ‍ॅक्रिलिक लोकरीचे हातभर धागे गुच्छ बांधून, कडक पाण्यात दोनदा धुऊन रंग सुटत नाही ना ते बघून, वरून सोडा. दिसायला ओंगळ, कामाला चोख.

बॉक्स वापरायचाच तर जाळीच्या कापडाचा, मोठा घ्या. आत मूठभर जावा मॉस टाका, तीन बाजू बाहेरून झाकून घ्या, आणि कंप सुरू झाल्याशिवाय, म्हणजे पिल्लं पूर्ण वाढल्याशिवाय, मादीला आत टाकू नका. वीण संपली की तासाभरात बाहेर काढा, नाहीतर बॉक्स तिचं ताट होतो.

पाण्यामुळे बिघडतं ते

हे मासे कठीण, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असलेल्या, किंचित अल्कली पाण्यातले आहेत. पीएच ७ ते ८, कठीणपणा १० ते २० जर्मन अंश. घरच्या आरओ मशीनचं पाणी ‘शुद्ध’ म्हणून टाकीत ओतणं ही सध्याची सगळ्यांत मोठी चूक. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम उरलेलं नसतं, पीएच आधाराशिवाय घसरतो, मॉली डुलायला लागते आणि पिल्लं वाकडी किंवा अशक्त निघतात. धरणाचं पाणी मऊ असेल तर फिल्टरमध्ये मूठ-दोन मुठी कोरल चिप्स किंवा धुतलेले शिंपले ठेवा. पक्ष्यांच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस तुकडे करून टाकला तरी तेच काम होतं. परिणाम हळूहळू होतो, आणि तो हळूच व्हायला हवा. मीठ हा याला पर्याय नाही: खडे मीठ लिटरला एक ग्रॅम मॉलीला मानवतं, पण त्याने कठीणपणा वाढत नाही. टीडीएसच्या, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या, पेनवर आकडा वाढलेला दिसतो तो मिठाचा असतो. बोअरचं पाणी वापरत असाल तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नाही, तुमच्याकडे कठीणपणा भरपूर आहे.

गाभण मादीचं सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते रविवारच्या साफसफाईने. टाकी पूर्ण रिकामी, वाळू घासून, फिल्टर नळाखाली धुऊन, नवीन पाणी. एका फटक्यात जिवाणू गेले, तापमान बदललं, क्लोरीन आला. चौथ्या आठवड्यातली मादी यात गाभडते किंवा मरते. आठवड्याला २५ टक्के पाणी सायफनने काढा, तेवढंच तयार पाणी घाला. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळा. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा पाणी २४ तास बादलीत एअर स्टोन लावून ठेवा किंवा बाटलीवरच्या मापाने अँटी-क्लोरीन घाला. पोट चौकोनी झाल्यापासून वीण होईपर्यंत १० टक्क्यांहून जास्त पाणी बदलू नका. निळ्या औषधाचे (मिथिलीन ब्लूचे) थेंब ‘सुरक्षेसाठी’ टाकण्याचीही गरज नाही, आजार नसताना त्याचा मार फिल्टरच्या जिवाणूंना बसतो.

नरांची संख्या हा आणखी एक दुर्लक्षित ताण. एका नराला दोन-तीन माद्या हव्यात. उलटं प्रमाण असेल तर मादीला दिवसभर पळवलं जातं, आणि पळणारी मादी खात नाही. गप्पी-मॉलीची पिल्लं पोटात वाढतात ती मुख्यतः अंड्यातल्या बलकावर, म्हणून आज मादीला दिलेला खुराक पुढच्या विणीच्या बलकात जातो. दिवसातून दोन-तीनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या. मॉलीला स्पिरुलिना (शेवाळाचं खाद्य) किंवा उकळत्या पाण्यातून काढलेला पालक हवाच. ट्युबिफेक्स, म्हणजे खाद्य म्हणून विकले जाणारे बारीक लाल किडे, गटाराच्या चिखलातून येतात, गाभण मादीला टाळा. स्वच्छ पाण्यातल्या डासांच्या अळ्या चालतात. महापालिकेचा मलेरिया विभाग गप्पी विहिरी-हौदांत सोडतो तो याच खादाडपणासाठी.

वीण चालू असताना

पिल्लं एकेक करून, गुंडाळलेली येतात, पडताच उलगडतात आणि क्षणभर तळाला बसून पोहायला लागतात. गप्पीची ६ ते ८ मिलिमीटर, मॉलीची सेंटिमीटरभर. पूर्ण वीण एक ते सहा तास चालते. पहिलटकरीण पाच-दहा देऊन थांबते, मुरलेली गप्पी २० ते ५०, मोठी मॉली किंवा स्वोर्डटेल शंभराच्या घरात. बऱ्याच वेळा वीण पहाटे किंवा टाकीचा दिवा लागण्याआधी होते, म्हणून टाकीचा दिवा दहा-बारा तास ठरावीक वेळी चालू-बंद ठेवा. मध्ये टॉर्च मारून बघण्याचा मोह आवरा. बाकीच्या माशांना पिल्लं दाखवून देण्याचा तो खात्रीचा उपाय आहे.

काही पिल्लं देऊन मादी थांबली, पोट अजून अर्धं भरलेलं, तर घाबरू नका. एक दिवस वाट बघा, दिवा मंद करा, तापमान एक अंशाने हळू वाढवा. २४ तासांनंतरही गुदद्वारात पिल्लू अडकलेलं दिसत असेल, मादी तळाला पडून असेल, तर तिची शक्यता कमीच. पोट दाबून काढायचा प्रयत्न करू नका. आतली पिशवी फाटते आणि मादी हमखास जाते. दीड-दोन वर्षांच्या म्हाताऱ्या मादीत हा प्रकार जास्त होतो, तिची वीण तशीही विरळ होत आलेली असते.

पिल्लं वाचली, आता

पहिल्या दिवसापासून खायला लागतं. दिवसातून चार-पाच वेळा, फ्लेक्स बोटांत चुरून पिठासारखी करून. आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) उबवू शकलात तर वाढ दुप्पट जाणवते: लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम मीठ, पाव चमचा अंडी, २७ अंश, जोरात हवा, २४ तास. हवा बंद करून एका बाजूला दिवा धरा, आर्टेमियाची पिल्लं उजेडाकडे जमतात, ती नळीने ओढा. टरफलं जाऊ देऊ नका, माशांच्या पिल्लांच्या पोटात अडकतात. उकडलेल्या अंड्याचा बलक स्वस्त, पण पाणी नासवतो. मोहरीएवढा बलक मलमलीतून पिळून द्या आणि तळ तासाभरात साफ करा. दिवसाआड २० टक्के पाणी बदला. कठीण, अल्कली पाण्यात अमोनिया जास्त जहाल होतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिल्लं धडाधड मरतात ती बहुधा यानेच.

मादीला वीण झाल्यावर दोन दिवस नरांपासून वेगळं ठेवा, भरपूर खाऊ घाला. साठवलेलं बीज असतंच, नर नसले तरी पुढचे दिवस सुरू झालेले असतात, तेव्हा कॅलेंडरवरची खूण आजच करा. पिल्लांतले नर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून त्या काडीसारख्या परावरून ओळखू येऊ लागतात. तेव्हाच वेगळे केले नाहीत तर तीन महिन्यांत त्यांच्या बहिणी गाभण, आणि ५० लिटरच्या टाकीत दीडशे मासे.